पीबेरी घरी भाजताना: गोल दाण्याच्या गाभ्यापर्यंत आच पोचवायची कशी

कॉफीच्या फळात सहसा दोन बिया असतात. त्या एकमेकींना टेकून वाढतात, म्हणून समोरासमोरच्या बाजू सपाट होतात आणि पाठी फुगीर राहतात. कधीकधी मात्र फळातल्या दोन बीजांडांपैकी एकच वाढीला लागतं. मग त्या एकट्या बीला सगळी जागा मिळते आणि ती लंबगोल होते. हीच पीबेरी. एकूण पिकात तिचं प्रमाण साधारण ५ ते १० टक्के असतं. ही कॉफीची वेगळी जात नव्हे. अरेबिकाच्या झाडावर ती येते तशीच रोबस्टाच्याही, आणि एकाच फांदीवर दोन्ही तऱ्हेची फळं लागतात. बाहेरून फळ पाहून आत काय आहे ते कळत नाही. बिया वाळल्या, टरफल निघालं की लांबट भोकांच्या खास चाळण्या लावून पीबेरी वेगळी काढतात.

दोन बियांचं सत्त्व एकीत उतरतं म्हणून पीबेरीची चव दुप्पट, असं विकणारे सर्रास सांगतात. मला हे पटत नाही. चव ठरते ती झाडाची जात, मळ्याची उंची, फळ किती पिकल्यावर तोडलं आणि तोडल्यावर कसं वाळवलं, यांवरून. वाईट मळ्यातली पीबेरी वाईटच लागते. या दाण्याचा खरा फायदा भाजणाऱ्याला मिळतो. चाळून, निवडून आलेला माल आकाराने एकसारखा असतो आणि दाणा भांड्यात गरगर फिरतो, त्यामुळे रंग सगळीकडे सारखा चढतो.

पण अडचणही त्याच आकारातून येते. सपाट बीपेक्षा हा दाणा मधोमध जाड असतो. पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंतचं अंतर जास्त, आणि बरेचदा दाणा घट्टही असतो. घाई केली की बाहेरून देखणा तपकिरी रंग येतो आणि आत कच्चट राहतं. कपात ते आंबट, गवतासारखं, शेंगदाण्याच्या टरफलासारखं लागतं, आणि भाजणारा समजतो की कॉफीच हलकी होती. पुढे जे काही सांगतो आहे ते या एका गोष्टीभोवती आहे: वरचा थर न करपवता आच आतपर्यंत पोचवायची.

कच्चा माल

पिशवीवर पीबी अशी अक्षरं असली की माल पीबेरीचा. केनियाच्या प्रतवारीत ही अक्षरं येतात, आणि टांझानियाची पीबेरी तर जगभर त्याच नावाने विकली जाते. भारतीय मालात प्लांटेशन पीबी म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका, अरेबिका चेरी पीबी म्हणजे फळासकट वाळवलेली, आणि रोबस्टातही पार्चमेंट पीबी (धुतलेली) आणि चेरी पीबी अशा दोन प्रती असतात. पहिल्यांदा भाजत असाल तर धुतलेली अरेबिका घ्या. तिचा रंग पायरीपायरीने, स्वच्छ बदलत जातो, त्यामुळे डोळ्यांना शिकायला सोपं जातं. फळासकट वाळवलेल्या मालात दाण्यावरचा पातळ पापुद्रा जास्त निघतो आणि दाण्यादाण्यांत रंगाचा फरक राहतो. तिथे नाकावर भरवसा ठेवावा लागतो, आणि ती सवय हळूहळूच लागते.

कच्ची बी निळसर हिरवी किंवा करडी हिरवी, वासाला ताजी आणि टणक हवी. पिवळट पडलेली, गोणपाटाचा वास येणारी बी जुनी झालेली असते. चांगल्या मालात ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असतो. कोरड्या, गार, अंधाऱ्या जागी, मसाल्यांच्या वासापासून दूर ठेवली तर कच्ची बी वर्षभरापर्यंत टिकते. त्यामुळे थोडी जास्त आणून ठेवायला हरकत नाही.

भाजण्याआधी दाणे ताटात पसरून निवडा. हे काम टाळू नका. काळे दाणे, कीड लागून भोक पडलेले, फुटके आणि शिंपल्यासारखे पोकळ दाणे काढून टाका. त्यांच्याबरोबर सपाट दाणेही वेचून काढा. पीबेरीच्या मालात थोड्या सपाट बिया हमखास राहून जातात. त्या पातळ असल्याने लवकर भाजतात आणि पीबेरी तयार होईपर्यंत करपतात. एवढ्या थोड्या दाण्यांचा कडवटपणाही कपात जाणवतो.

भांडं आणि बाकीची तयारी

सुरुवातीला जाड बुडाची लोखंडी किंवा बिडाची कढई सगळ्यांत चांगली. ती आच धरून ठेवते, आत काय चाललंय ते दिसतं, आवाज ऐकू येतो, वास थेट नाकाशी येतो. नॉनस्टिक भांडं मात्र मुळीच वापरू नका. त्याचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित होऊ लागतो, आणि मोठ्या आचेवर कोरडं भांडं तिथपर्यंत सहज पोचतं. तो धूर माणसाला बाधतो. घरात पाळलेला पक्षी असेल तर त्याच्या जिवावरच बेततं.

लांब दांड्याचा लाकडी उलथना किंवा तारेचं व्हिस्क, धातूच्या दोन मोठ्या चाळण्या, एक टेबलफॅन, वजनकाटा, घड्याळ, वही आणि जाड हातमोजे जवळ ठेवा. कढईवर नीट बसेल असं धातूचं झाकणही हवं, कारण कॉफीचे दाणे आणि सुटा पापुद्रा पेट घेऊ शकतात. तसं झालंच तर आच बंद करायची, झाकण घट्ट ठेवायचं आणि उघडायचं नाही. धूर भरपूर होतो. खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा चालू हवा. एकदा भाजायला घेतलं की शेवटपर्यंत तिथून हलायचं नाही, फोन वाजला तरी.

थर्मामीटरबद्दल बरेच जण विचारतात. कढईत दाणे सतत हलत असतात आणि थर पातळ असतो, त्यामुळे आत खुपसलेली काडी दाण्याचं खरं तापमान क्वचितच दाखवते. लांबूनच तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक दाणे घालण्याआधी भांडं किती तापलंय ते बघायला उपयोगी पडते. बाकी काम रंग, वास आणि आवाज यांवर करा.

कढईत भाजणं

एका वेळी १५० ग्रॅम घ्या. दहा-बारा इंची कढईत एवढे दाणे फार तर दोन थरांत पसरतात. जास्त घातले तर वरचे दाणे गार राहतात आणि हात कितीही चालला तरी रंग सारखा येत नाही. अगदी कमी घातले तर प्रत्येक दाणा तळाला चिकटून राहतो आणि डाग पडतात.

कढई मध्यम आचेवर ३-४ मिनिटं तापवा. बंदूक असेल तर तळ २०० अंशांच्या आसपास दिसला की दाणे घाला आणि घड्याळ सुरू करा. इथे मोठी आच लावण्याचा मोह होतो. गोल दाणा तळाला अगदी लहानशा ठिपक्याएवढ्या जागी टेकतो आणि भांड्याची सगळी उष्णता त्या ठिपक्यातून आत शिरते. दाणा क्षणभर थांबला तरी तिथे काळा डाग पडतो. म्हणून आच मध्यम आणि हात सतत चालता. नुसतं गोल गोल ढवळू नका. तळातून उचलून वर, कडेचं मध्ये, मधलं कडेला असं परता. पीबेरी आपणहून घरंगळते, त्यामुळे हे काम सपाट दाण्यापेक्षा हलकं जातं. पण तिला मधल्या खोलगट भागात गोळा व्हायचीही सवय असते, तिथून ती सारखी हलवत राहावी लागते.

पहिली ४-५ मिनिटं दाणा वाळतो. हिरवा रंग फिका होतो, मग पिवळसर. वास आधी ओल्या गवताचा, नंतर वाळलेल्या चाऱ्याचा. दिसायला काहीच घडत नाही असं वाटतं, पण पीबेरीचं निम्मं यश याच मिनिटांत ठरतं. आतला ओलावा बाहेर यायला आणि उष्णता गाभ्यापर्यंत झिरपायला वेळ हवा. तिसऱ्या मिनिटाच्या आतच सगळे दाणे पिवळे झाले तर आच जास्त आहे, थोडी उतरवा. सहा मिनिटं होऊनही हिरवे असतील तर वाढवा.

सगळे दाणे एकसारखे पिवळे झाले की आच थोडी वाढवायची. आता दाण्यातली साखर आणि अमिनो आम्लं यांची प्रक्रिया सुरू होते, जिला मायार प्रक्रिया म्हणतात, आणि तपकिरी रंग व भाजका वास तिच्यातूनच येतो. चाऱ्याचा वास जाऊन ताज्या पावाचा, मग भाजलेल्या धान्याचा वास येऊ लागतो. पापुद्रा सुटून उडतो, डोळ्यांत जाणार नाही असे उभे राहा. या टप्प्यात आच रोडावली तर दाणा भाजण्याऐवजी नुसता सुकतो. रंग ठीक दिसतो पण कॉफी सपाट, पुठ्ठ्यासारखी लागते. त्यामुळे आधीच्या टप्प्यातला संयम इथे कामाचा नाही, इथे दाणे सतत पुढे सरकत राहिले पाहिजेत.

आठव्या-नवव्या मिनिटाला रंग दालचिनीसारखा होतो, वासात गोड, किंचित झोंबरी धार येते, धूर दिसू लागतो. फर्स्ट क्रॅक, म्हणजे दाणे पहिल्यांदा तडकण्याचा टप्पा, जवळ आला. या क्षणी आच जराशी उतरवा. फर्स्ट क्रॅकच्या वेळी दाण्यात कोंडलेली वाफ आणि वायू जोराने बाहेर पडतात, आणि आधीची भडक आच तशीच राहिली तर पुढचं सगळं हाताबाहेर वेगाने घडतं.

फर्स्ट क्रॅक आणि त्यानंतरची दोन मिनिटं

दाण्याचं तापमान साधारण १९६ ते २०५ अंशांच्या दरम्यान आलं की फर्स्ट क्रॅक होतो. मक्याच्या लाह्या फुटताना येतो तसा ठळक आवाज. सुरुवातीला तीन-चार सुटे आवाज येतात, ते मोजायचे नाहीत. सलग आवाज सुरू झाले की वहीत वेळ लिहा. निवडलेला माल नीट परतला असेल तर आवाज दाट येतात आणि लवकर संपतात. दोन-अडीच मिनिटं रेंगाळत राहिले तर समजा की काही दाणे पुढे गेलेत आणि काही मागे राहिलेत. कारण बहुधा परतण्यात किंवा निवडण्यात असतं.

सलग आवाज सुरू झाल्यापासून उतरवेपर्यंतचा वेळ हा चवीच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा. एकूण वेळेच्या १५ ते २५ टक्के हा पट्टा बहुतेक जण धरतात. पीबेरीसाठी मी त्यातला अगदी खालचा भाग टाळतो. आवाज १० व्या मिनिटाला सुरू झाले तर १२ मिनिटं ते १२ मिनिटं ३० सेकंदांच्या दरम्यान उतरवा. एवढ्यात गाभा बाहेरच्या थराला गाठतो, आणि फळाची आंबटगोड चव जात नाही. पीबेरीला हा मध्यम, किंवा मध्यमाच्या जरा अलीकडचा भाजच शोभतो असं माझं ठाम मत आहे.

गडद हवी असेल तर आवाज थांबल्यावर पुढे चालू ठेवा. साधारण २२४ ते २३० अंशांना सेकंड क्रॅक येतो: बारीक, कोरडी, जलद तडतड. त्याच्या पहिल्या काही आवाजांवर उतरवलं तर कडूगोड, जाडसर कॉफी मिळते, दुधाबरोबर ती चांगली लागते. त्याच्या पुढे गेलात की तेल बाहेर येतं, दाणे चकाकतात आणि कुठल्याही मळ्याची कॉफी एकाच धुरकट चवीची होते. आगीचा धोकाही तिथेच सर्वाधिक. घरच्या कढईत सेकंड क्रॅक पूर्ण होऊ देऊ नये.

गार करणं

आच बंद केल्यावरही दाण्यातली उष्णता भाजण्याचं काम करतच राहते, आणि जाड गाभ्यात ती जास्त वेळ टिकते. म्हणून गार करण्यात हयगय नको. दाणे लगेच चाळणीत ओता, टेबलफॅनसमोर धरा आणि एका चाळणीतून दुसऱ्या चाळणीत ओतत राहा. तीन-चार मिनिटांत हाताला कोमट लागले पाहिजेत. याच वेळी पापुद्रा पाखडला जातो, त्यामुळे गॅलरीत किंवा अंगणात हे केलेलं बरं. फ्रीजमध्ये ठेवणं किंवा पाणी शिंपडणं घरी करू नका.

पीबेरीची मधली घडी आत खोल वळलेली असते आणि तिच्यात थोडा पापुद्रा अडकून राहतो. दळल्यावर चंदेरी तुकडे दिसतात. ते तसेच राहू द्या, चवीला बाधत नाहीत.

गार झाल्यावर वजन करा. १५० ग्रॅमचे १२८ ग्रॅम झाले तर घट १५ टक्क्यांच्या जवळ आहे, म्हणजे मध्यम भाज. १२ टक्क्यांच्या आत घट असेल तर बहुतेक आत कच्चं आहे. १८ टक्क्यांच्या पुढे गेलात तर गडद. रंग डोळ्याला फसवतो, खोलीतल्या दिव्यानुसार बदलतो. वजनकाट्याचं तसं नाही. वहीत तारीख, कच्चं वजन, पिवळं होण्याची वेळ, फर्स्ट क्रॅक, उतरवण्याची वेळ आणि शेवटचं वजन एवढं लिहिलंत तरी पुढच्या वेळी अंदाजावर अवलंबून राहावं लागत नाही.

पॉपकॉर्न मशीन आणि ओव्हन

गरम हवेचं पॉपकॉर्न मशीन वापरायचं असेल तर हवा बाजूच्या फटींतून गोल फिरत येणारं निवडा. तळाशी जाळी असलेल्या मशीनमध्ये पापुद्रा तापलेल्या भागावर पडून पेटतो, ते नको. मशीनच्या आकारानुसार ६० ते १०० ग्रॅम मावतात. दाणे सुरुवातीला जड असतात, नीट फिरत नसतील तर पहिलं दीड मिनिट लाकडी चमच्याच्या दांड्याने हलवा. पीबेरी लहान आणि गोल असल्याने लवकरच स्वतः फिरू लागते. या मशीनची अडचण म्हणजे वेग. पाच-सहा मिनिटांत काम आटोपतं, आणि जाड गाभ्याला ते फार लवकर होतं. अशा वेळी दाणे कमी घाला. दाणे जास्त असले की हवा अडते, उष्णता कोंडते आणि भाज आणखी वेगाने होतो. कमी घातले की मंदावतो. एका घाण्यानंतर मशीन पूर्ण गार होऊ द्या, ती सलग चालवण्यासाठी बनवलेली नसते.

ओव्हनची शिफारस मी करणार नाही. हवा हलत नाही, कडेचे दाणे पुढे आणि मधले मागे, आणि ट्रे किंचित कलता असला तरी पीबेरी घरंगळून एका कोपऱ्यात जमा होते. दुसरा इलाज नसेल तर २५० अंशांवर, बारीक भोकांच्या ट्रेमध्ये एकच थर द्या आणि दर दोन मिनिटांनी हलवा.

थांबणं, चाखणं आणि पुढचा घाणा

भाजल्यावर दाण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. त्याच दिवशी केलेली कॉफी फसफसते आणि चव पातळ, टोचरी लागते. एकमार्गी झडप असलेली पिशवी असेल तर उत्तम. नसेल तर बरणीचं झाकण पहिला दिवस सैल ठेवा, मग घट्ट करा. फिल्टर किंवा पोअर-ओव्हरसाठी तीन ते सात दिवस, एस्प्रेसोसाठी एक-दोन आठवडे थांबा. फिका भाज जास्त वेळ मागतो. तीन-चार आठवड्यांत संपवा आणि दळणं आयत्या वेळीच करा.

आता पीबेरीची खरी परीक्षा. दुसऱ्या दिवशी एक दाणा सुरीने आडवा कापा किंवा ठेचा. बाहेरचा रंग आणि मधला रंग जवळपास सारखा हवा. मध्यभाग स्पष्ट फिका दिसला तर आच आत पोचलेली नाही. थोडी पूड करून अख्ख्या दाण्यांशेजारी ठेवा. पूड किंचित फिकी असणं साहजिक आहे, पण फरक ठळक असेल तर तेच दुखणं.

मग चाखा. १० ग्रॅम जाडसर पूड पेल्यात घ्या, उकळी थांबल्यावरचं १८० मिलिलिटर पाणी ओता, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडा, फेस काढा आणि कोमट झाल्यावर चमच्याने चाखा. गार होत जाताना पुन्हा पुन्हा चाखा, दोष गार कपात जास्त उघड होतात.

कच्चट, गवताळ, टोचरी आंबट लागली आणि वजनाची घटही कमी असेल, तर पुढच्या वेळी फर्स्ट क्रॅकनंतर अर्धं मिनिट जास्त द्या. घट बरोबर असून आत कच्चं असेल तर शेवटी वेळ वाढवून उपयोग नाही, फक्त बाहेरचा थर गडद होईल. तिथे सुरुवातीची आच थोडी कमी करून वाळण्याचा टप्पा एखाद्या मिनिटाने लांबवायचा. दाण्यांच्या पाठीवर काळे ठिपके दिसले तर भांडं दाणे घालताना फार तापलं होतं किंवा हात थांबला होता. टोकं करपली असतील तर फर्स्ट क्रॅकच्या आधी आच उतरवायला उशीर झाला. कॉफीत दोष काही नाही पण जीवही नाही, असं वाटलं तर मधल्या टप्प्यात आच कमी पडली. एका घाण्यात एकच बदल करा. दोन केले तर कुठल्यामुळे फरक पडला ते कळणार नाही.

भाजलेल्या दाण्यांत काही फिके, पिवळट राहिलेले दिसतील. ते अर्धपिकल्या फळांचे असतात, कितीही भाजले तरी रंग धरत नाहीत. कच्चे असताना ते ओळखू येत नाहीत, त्यामुळे ते आता वेचून टाका आणि मगच बरणी भरा.